मधला भाग

माजी नवरोबा,

तुझा निरोप मिळाला. ‘संच अपुरा दिसतो, मधला भाग पाठव.’ घर मोडताना भांडण नको म्हणून आपण फळीवरची पुस्तकं डावीकडून एक तुला, एक मला अशी वाटून घेतली. नावं बघायचीच नाहीत, हेही तूच ठरवलंस. म्हणून तुझ्या लाडक्या जादूच्या कादंबरीचा पहिला आणि तिसरा भाग तुझ्याकडे गेले, मधला माझ्या वाट्याला आला. तू कितीदा म्हणालास, वाचून तर बघ. मी कधी हात लावला नाही.

आता वाचतेय. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की पुस्तक उघडते आणि समोरचा अक्षरांचा तक्ता हळूहळू पाण्यात बुडतो. तळ्याच्या तळाशी एक गाव आहे. तिथली नावाडीण माशांना रस्ता विचारत नाव वल्हवते. सावली हरवलेला राजा तिला बघून रडतो. का रडतो, कोण जाणे! ते पहिल्या भागात असणार. ती त्याला सोडून जाते का, ते तिसऱ्यात. मी आपली त्यांच्या नावेत बसून राहते.

तूही मला असा मधूनच मिळालास. तुझं आधीचं रडणं मला कधी कळलं नाही, आणि यापुढे तू कुणाबरोबर हसशील तेही कळणार नाही.

पाठवणार काहीच नाही, पुस्तकही नाही आणि हे पत्रही नाही. सुरुवात तुझ्याकडे आहे, शेवटही तुझ्याकडेच. आपण दोघं एका नावेत होतो, तेवढं माझ्याकडे राहू दे.

‘हिला वाचनाचं वावडं’ म्हणून तू जिला हसायचास,
ती