लोकरीचे चाळीस गुंडे आणि झुबेदाबाई

तीर्थस्वरूप अनुपमाताईस,

आखातातल्या अल क्वोजच्या दवाखान्यातून, एसीत कुडकुडत, प्रल्हादचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? (तुझ्यासारख्या डॉक्टरला तेल लावायला सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही.) आम्ही इथे सुखरूप. आमच्या लेकीला, रिद्धीला, तुझं मागचं पत्र वाचून दाखवलं, तर 'सो स्वीट' म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये शिरली.

आता हकिकत. आमच्या बड्या साहेबांना कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये कळलं की ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल लोक, आपले दवाखाने आपणच चालवतात आणि त्यासाठी आपल्यातल्याच माणसांना व्यवस्थापन शिकवतात. कल्पना उत्तम. तू धडगावच्या आदिवासी पाड्यांवर आरोग्य केंद्र चालवत एकवीस वर्षं हेच सांगत आलीस, तेव्हा आम्ही नातेवाईक जांभया देत होतो. साहेबांनी त्यातला 'आपल्यातल्याच' हा शब्द तेवढा गाळला आणि उरलेला कोर्स आणला. आमचे पेशंट म्हणजे आसपासच्या लेबर कॅम्पातले कामगार. त्यांच्यातल्या एकालाही बोलावणं नव्हतं.

शिकवायला सुजीत नावाचे एक गृहस्थ आले. (ऑस्ट्रेलियात आठ दिवस राहिलेले, त्यातले दोन क्रिकेट बघण्यात गेले, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं.) तिकडे कोंडाळं करून निवांत बोलत बसण्याला 'यार्निंग' म्हणतात म्हणे. आमच्या परचेसच्या निखिलला यार्न म्हणजे लोकर एवढंच ठाऊक. त्याने चाळीस गुंडे मागवले. बरं, चूक कळल्यावर सुजीतने हसून सोडून द्यावं की नाही? छे! त्याने आम्हाला गोल बसवून गुंडे एकमेकांकडे फेकायला लावले, म्हणजे 'नाती विणली जातात'. अर्ध्या तासात अकाउंट्सचे दोघे खुर्चीसकट बांधले गेले. त्यांना कात्रीने सोडवावं लागलं. या सगळ्याला लीडरशिप म्हणतात, ताई.

आणि त्याच वेळी बाहेर आमच्या सिस्टर, हैदराबादच्या झुबेदाबाई, एकट्याने दवाखाना ओढत होत्या. अठरा वर्षं इन्चार्जचं काम त्याच करतात, फक्त हुद्दा नाही. कोणता गडी बीपीची गोळी लपवतो, कारण आजार कळला तर कंपनी घरी धाडेल असं त्याला वाटतं, कुठल्या कॅम्पची बस किती वाजता सुटते, म्हणजे कोणाला आधी तपासायचं, सगळं तोंडपाठ. औषधाच्या वेळा कामगारांनाच विचारून ठरवतात. सुजीतने त्यांना आत बोलावून 'तुमचं मॅनेजमेंट स्किल दाखवा' म्हटलं. त्या म्हणाल्या, "साब, बाहर बीस आदमी बैठे हैं, बस छूट जाएगी उनकी," आणि गेल्या. सुजीतने त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. आता सर्टिफिकेट नसलेल्याला इन्चार्ज करायचं नाही, असा नियम निघालाय. मूर्खांचा बाजार, दुसरं काय! मी साहेबांना तोंडावर सांगणार होतो, पण ते अबुधाबीला गेले होते. (परत आले, तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो.)

थोरांस नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला सांभाळ.

तुझा,
प्रल्हाद

ता. क. सर्टिफिकेटसाठी आदिवासी भागात सहा महिने काम केल्याचा दाखला लागतो. मी तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? चार दिवसच होतो आणि त्यातले तीन जुलाबात गेले, पण तेही तुझ्या केंद्रातच ना? तेवढे सहा महिने लिहून दे.

ता. क. २. घाई यासाठी की एक तारखेपासून इन्चार्ज मी आहे. काल झुबेदाबाईंना सांगितलं. मला वाटलं, रागावतील. म्हणाल्या, "अच्छा हुआ साब, कोई बाहर का नहीं आया." तेव्हापासून त्यांच्यासमोर जायचं टाळतोय. दाखला लेटरहेडवर दे, शिक्क्यासकट.