वामन्याचा क्लच

रवि. २ मार्च
रेस दिसली नाय. पाचला गॅरेजात जमलो. मी, शिंदे, भाऊ, अन् वामन्या त्याच्या चाकाच्या खुर्चीत. टीव्हीवर नुसतं निळं. पप्पू केबलवाल्याला फोन केला.
"तात्या, बाईकच्या रेसा आता केबलवर नाय. ॲपवर गेल्या, पैसे भरायचे."
"अन् आम्ही?"
"मोबाईलवर बघा ना."
वामन्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर तसाच, क्लच धरून. लकव्यात उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पण रेस लागली की दर वळणाला डावी बोटं दाबतो. मी अन् तो मातीत गाड्या पळवायचो तेव्हासारखीच. डॉक्टरनं दिलेला व्यायाम करत नाय. करतो तो एवढाच.

सोम. ३
पप्पूकडं जाऊन आलो. "अख्ख्या अंबडात तुम्हीच विचारता, तात्या. कुस्ती लावून देऊ?"
निघून आलो.

रवि. १६
माझ्या पोरीनं ॲपचे पैसे भरले. गॅरेजातला टीव्ही जुना, ॲप घेत नाय. मग वामन्याच्या सुनेचा, सुनीताचा मोबाईल ग्रीसच्या डब्याला टेकवला. गाडी म्हणजे मुंगी. वामन्याला दिसेना. मी ओरडून सांगतोय, कोण पुढं, कोण पडला. बोटं हालली नाय. मधेच सुनीताच्या आईचा फोन. रेस गेली.
भाऊ फिरकलाच नाय. म्हणे घरीच मोबाईलवर बघतो, पडापडी तेवढी.

गुरु. २०
सुनीता आलेली. "आप्पा नीट जेवत नाहीत, तात्या."
मी काय करू. नव्या टीव्हीचं पोरगी म्हणते दिवाळीला बघू. दिवाळी कुठं अन्...

शनि. २९
पप्पूनं जुनी रेस पेन ड्राईव्हात भरून दिली. "उद्या लावा, आजचीच म्हणा. त्यांना काय कळतंय."
घेतली.

रवि. ३०
लावली. शिंद्याला डोळ्यानंच गप्प केला. वामन्याची बोटं चालू, वळणावळणाला. सुनीता रडायला लागली, तिला म्हटलं चहा टाक.
मग ते लांब वळण, लाल गाडी पडते ते. वळण यायच्या आधीच वामन्यानं हात काढला, मांडीवर ठेवला. गाडी पडली. त्यानं तिकडं पाह्यलंच नाय. माझ्याकडं बघत होता.
शिंदे हळूच म्हणाला, "ओळखली रे भो त्यानं."
टीव्ही बंद केला. चहा कुणी घेतला नाय.

रवि. १३ एप्रिल
शिंदे पोराकडं गेलाय, इगतपुरीला. भाऊ तर नाहीच.
दुपारी सुनीताचा फोन. "आप्पा सकाळपासून खुंटीवरच्या शर्टाकडं बोट करताहेत. रेसच्या रविवारचा शर्ट. आणू का त्यांना, तात्या?"
आण म्हटलं. तोंडातून गेलं.
टीव्हीवरचं फडकं काढलं. परत टाकलं. पाच वाजले. दारात रिक्षा थांबली, खुर्ची उतरवताहेत.