डिस्क पुसू नकोस

आत-बाशी,
१२ ऑक्टोबर

प्रिय तालाय,

तब्येत बरी असेल, बुटांत पाणी जात नसेल आणि बांधकामावरचा तुझा तो मुकादम निदान या महिन्यात तरी माणसासारखा वागत असेल, अशी आशा करते. आईचे आशीर्वाद. इथे थंडी पडायला लागली. बटाटे काढून झाले. लाल गाय आटली.

हे पत्र बाजारातल्या इंटरनेटच्या दुकानातून लिहिते आहे, कारण तुझा लाडका कॉम्प्युटर बंद पडलाय. चालू केला की काळ्या पडद्यावर एकच ओळ येते: डिस्क वाचता येत नाही, कुठलीही कळ दाबा. कळ दाबली की पुन्हा तीच ओळ. शेजारच्या बुरुल म्हातारीशी बोलल्यासारखं चाललंय, आपण काहीही म्हणा, तिचं आपलं तेच. मग तू खणात ठेवलेली सीडी घातली आणि दुरुस्तीचा पर्याय निवडला. निळा पडदा आला, मी खूश. अर्ध्यावर जाऊन म्हणतो, एक फाइल कॉपी करता येत नाही. सीडी ओढणीने पुसून परत घातली, तर दुसऱ्याच फाइलवर अडला. पोत्यात बांधून डोंगरावरून ढकलून द्यावा असं वाटतंय.

कसा बिघडला ते सांगते, म्हणजे तू मला शिव्या देणार नाहीस. महागाची वस्तू दारापाशी ठेवली तर तिचा अपमान होतो, म्हणून आईने तो दारासमोरच्या मानाच्या जागी मांडून घेतला होता, आठवतं ना? परवा घरात खूप माणसं आली. वडीलधाऱ्यांची बसायची जागाही तीच. केंजे काकूने आणि आणखी दोघींनी तो चालू कॉम्प्युटर तसाच उचलला, भिंतीशी दाणकन ठेवला आणि वर गोधड्यांची चळत रचली. "थंडी वाजू नये त्याला," म्हणाली. दुपारभर तो गोधड्यांखाली गुरगुरत होता, मग गप्प झाला.

मला त्यातलं एकच हवंय. उन्हाळ्यात कुरणावर तू बाबांचे फोटो काढले होतेस. पांढरी टोपी घातलेले, शिंगराने बाही ओढली आणि ते हसले, तो फोटो. तुझ्याकडे आहे का तो? नसला तर या खोक्यातून कसा काढायचा ते नीट, मला समजेल असं लिही. लवकर लिही. आईला बघायचाय.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. घरात गर्दी आहे.

तुझी एजे, तुझी थोरली बहीण,
अनारकुल


आत-बाशी,
२१ ऑक्टोबर

तालाय,

तुझं उत्तर मिळालं. तू तळावर आठवड्यातून एकदाच येतोस हे कळतं, पण एकदा येऊन असं लिहावंस?

आधी कामाचं. तू सांगितलंस तशी डिस्कची तपासणी लावली. ती संपेपर्यंत माझी कणीक मळून झाली, भाकऱ्या भाजून झाल्या, आणि मग पडद्यावर आलं की डिस्कवर खराब जागा आहेत. कुठे, किती, त्याचं काय करायचं, काही नाही. खराब आहे हे मलाही माहीत होतं! आतून आता टक्-टक् आवाज येतो. दानियार म्हणतो, आत उंदीर आहे. चुलत भाऊ असला म्हणून काय झालं, त्याला मी खोलीतून हाकलला.

आता तुझं पत्र. "एजे, कशाला डोकं फोडतेस. सगळं पुसून टाक, डिस्क फॉरमॅट कर, सिस्टिम नव्याने टाक. पासवर्ड खाली दिलाय. त्यात आहे काय, चार गाणी आणि बाबांचे फोटो. माझा कॅमेरा तर इथे चोरीला गेला. वसंतात येईन तेव्हा त्यांचे हवे तेवढे नवे काढीन. कुठे पळून चाललेत का ते!"

मी हे दुकानात वाचलं. दुकानवाल्या बाईने विचारलं, "काय ग, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "भाऊ मूर्ख आहे." ती म्हणाली, "सगळ्यांचेच असतात."

वर विचारतोस, "एवढे कसले पाहुणे? तुझं लग्न ठरलं आणि मला सांगितलं नाहीस?" नाही ठरलं. पाहुणे आहेत एवढंच. सातारकुल आके रोज येतात, बसतात, मला बाजूला घेऊन काय लिहायचं आणि काय नाही ते सांगतात. मोठे काका आहेत, त्यांच्यापुढे कोण बोलणार? मी ऐकते.

मला नवे फोटो नकोत. तो फोटो हवाय. का, ते विचारू नकोस. माझ्यावर एवढा विश्वास ठेव की मी उगाच हट्ट करत नाहीये. डिस्क न पुसता आतलं बाहेर काढणारा कुणी तुझ्या ओळखीचा असेल तर नाव कळव. नसला तर मी नारिनला रुस्लानच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात घेऊन जाते. पासवर्ड लागेल म्हणून तुझं पत्र छापून घेतलंय.

उंचावर चढताना दोर बांधतोस ना? बांधत जा. हसण्यावारी नेऊ नकोस.

एजे


आत-बाशी,
५ नोव्हेंबर

माझ्या तालाय,

हे पत्र सातारकुल आकेंच्या हातून तुला मिळेल. त्यांना मी सांगून ठेवलंय की त्यांचं बोलून होईपर्यंत पाकीट खिशातून काढायचं नाही. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा तुला कळलेलं असेल. तुझ्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असतील, कुणीतरी तुझा खांदा धरला असेल.

बाबा गेले, तालाय. ते गेले त्याच दिवशी घर भरलं आणि त्याच गर्दीत कॉम्प्युटर उचलला गेला. सकाळी घोड्यांना पाणी पाजून आले, छातीत दुखतं म्हणाले, आईने चहा ओतेपर्यंत संपलं होतं. कॉम्प्युटरवर तुझी गाणी चालू होती. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

तुला कळवायचं नाही असं आकेंनी त्याच दिवशी ठरवलं. "परक्या मुलखात, एकटा, वर लोखंडावर चढलेला पोरगा. त्याला पत्रातून सांगायचं? वेड लागलंय का तुला? माणसाने जाऊन, बसून, चौघांत सांगायचं असतं." बरोबरच आहे ते. तू हे एकट्याने वाचावंस असं मलाही वाटत नव्हतं. पण आकेंना कागदपत्रं मिळून निघायला इतका उशीर झाला, आणि तोवर तू मला विनोद पाठवत राहिलास आणि मी तुला डिस्कचे आवाज कळवत राहिले. मला या रीतीचा राग आला, अजून आहे. एक ओळ लिहू दिली असती तर तू "पुसून टाक" म्हटलंच नसतंस.

कारण डिस्क पुसली गेली, तालाय. सांगायचं राहिलं ते हेच.

मी रुस्लानला बजावून सांगितलं होतं: सिस्टिम गेली खड्ड्यात, मला फोटो हवेत. तो म्हणाला, ठेवून जा. दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी लग्नाला गेला आणि दुकानात त्याचा भागीदार होता. त्याने खोकं बघितलं, पासवर्डसाठी मी त्यावर चिकटवलेलं तुझं पत्र बघितलं. सगळं पुसून टाक, फॉरमॅट कर, सिस्टिम नव्याने टाक. पासवर्ड खाली. त्याने तसंच केलं. मी गेले तर पडद्यावर नव्या सिस्टिमचं हिरवं कुरण आणि निळं आभाळ. "चकाचक झालाय," म्हणाला. "मालकाने फार व्यवस्थित लिहून दिलं होतं."

मी त्याच्या दुकानात आरडाओरडा केला. टेबलावर हात आपटला, चहा सांडला. तो बिचारा पुन्हा पुन्हा तोच कागद दाखवत होता. शेवटी रुस्लान आला, त्याने संध्याकाळपर्यंत खटपट केली. काही फोटो निघाले, पण अर्धे राखाडी. एकात शिंगरू आहे आणि बाबांची बाही आहे. वर काही नाही.

तुझा दोष नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. भरपूर चिडलेली आहे मी, दोष असता तर सोडला नसता.

फोटो कशाला हवा होता, ते तुला आता कळलं असेल. कबरीच्या दगडासाठी, त्यावर त्यांचा चेहरा कोरायचाय. बाबांचा पासपोर्ट मृत्यूची नोंद करताना जमा झाला, त्याची जी प्रत चावडीत आहे तिच्यात नुसता काळा डाग. लग्नातला फोटो आईला दगडावर नको. "हा पोरगा कोण, मी याच्याबरोबर संसार केला नाही," म्हणते. तुला माहीत आहे, कॅमेरा दिसला की बाबा घोड्याआड व्हायचे. तूच काय ते त्यांना पकडलं होतंस.

तुझ्या जागेचंही सांगते. बाबांना ठेवलं होतं त्या राहुटीबाहेर मुलाने काठीवर रेलून बापासाठी रडायचं, तिथे दानियार उभा राहिला. आवाज बसेपर्यंत रडला. आत आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून शोकगीतं गात होतो आणि मला बाहेरून येणाऱ्या प्रत्येक हाकेत तुझा आवाज ऐकू यावा असं वाटत होतं. नाही आला.

काल दगड कोरणारा कुबात घरी आला. मी त्याला ते राखाडी तुकडे दाखवले. बाही बघून म्हणाला, "ताई, बाहीवरून मी माणूस कसा काढू?" मग त्याने आईला विचारलं, "मुलगा आहे ना तुमचा? बापावर गेलाय का?"

आई इतक्या दिवसांत धड बोललेली नाही. चुलीकडे बघत म्हणाली, "कपाळ त्यांचं. नाक त्यांचं. हसला की डावा डोळा बारीक होतो, तोही त्यांचाच."

"मग त्याला आणून माझ्यासमोर बसवा," कुबात म्हणाला. "वय मी चढवतो. टोपी तुम्ही द्या."

आके परत येतील तेव्हा त्यांच्याबरोबर ये. वसंताची वाट बघू नकोस, जमीन गोठायच्या आत, दगड बसवता येईल तोवर ये. मुकादम सोडत नसेल तर न सांगता ये. बाबांची टोपी आईने धुऊन वाळत घातली आहे, तुझ्या डोक्याला बसेल. कुबात म्हणतो, चेहरा हसरा हवा असेल तर तुला समोर बसून हसावं लागेल. ते तुला कसं जमेल मला माहीत नाही. मी शेजारी बसेन.

तुझ्या तोंडाकडे बघायला आसुसलेली,
तुझी एजे