गुंजीच्या खळ्यात फुटलेला पाइप

अनगोळ, बेळगाव
मंगळवार

तीर्थस्वरूप जयाक्कास,

धाकट्या महादेवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी आणि सुवर्णा दोघं बरे आहोत, आणि तुझा खोकलाही एव्हाना उतरला असेल असं धरून चालतो. (काढा घेतेस ना? सिद्धेशने आणलेली बाटली देवघरात ठेवून तिलाच नमस्कार करणारी तू.) चिरंजीव सिद्धेशला आणि ऋतिकाला आशीर्वाद. माझं अक्षर लागत नसेल तर ऋतिकाकडून वाचून घे, पण ताजा कलम मात्र तुझा तू वाच.

आम्ही एक ट्रेलर घेतला हे तुझ्या कानावर आलंच असेल. गाडीच्या मागे जोडून न्यायची ती एक खोलीच आहे. आत दोन बाकडी, शेगडी, बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढी न्हाणी. गोव्याच्या एका माणसाने हौसेने घेतला होता, दोन वर्षांत त्याची हौस फिटली आणि आमची सुरू झाली. आमच्या गल्लीत तो वळवताना शेजारच्या मारुतीरावांच्या पायरीचा एक कोपरा गेला.  आता ते रोज सकाळी त्या कोपऱ्यापाशी उभे राहून, माझ्याकडे बघत दात घासतात.

पहिली फेरी आपल्या गुंजीला, तुझ्या मैत्रिणीच्या, बायाक्काच्या शेतात करायची ठरली. खानापूरपर्यंत सगळं झकास. पण शेतात शिरताना बांध ओलांडला आणि खालून काहीतरी कडकन वाजलं. सुवर्णा म्हणाली, काहीतरी मोडलं. मी म्हणालो, दगड असेल. (दोघांचंही बरोबर होतं, पण हे कळायला दुसरी सकाळ उजाडावी लागली.) बायाक्काने खळ्याच्या वरच्या अंगाला जागा दिली, तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण दिलं, आणि आम्ही बाकड्यांवर राजाराणीसारखे झोपलो.

सकाळी मी न्हाणीत शिरलो. एक बादली झाली, दुसरी झाली, अंगाला साबण लावून तिसरीही झाली. सांडपाण्याचा पाइप बेसिन आणि न्हाणी या दोघांचं पाणी घेऊन ट्रेलरच्या पोटाखालून मागे जातो, तो बांधावरच्या दगडाने सांध्याशी फुटला होता. त्यामुळे माझं साबणाचं पाणी सरळ उतारावरून खळ्यात गेलं. आणि खळ्यात, आक्का, बायाक्काचं बियाण्याचं भात वाळत घातलेलं होतं. पुढच्या पेरणीचं सगळं बी. भिजलं असतं तर तिथल्या तिथे कुजलं असतं, आणि जून महिन्यात तिने पेरायचं काय?

मी टॉवेलवर बाहेर आलो तेव्हा बायाक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. पाणी कुठनं येतंय रं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, न्हाणीतनं. न्हाणी कुठं हाय? ह्या गाडीत. तिने ट्रेलरकडे नीट खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मग एवढ्या गाडीला मोरी न्हाय व्हय रं, महादू?"

एवढंच बोलली, आणि पदर खोचून भात ओढायला लागली. आम्ही तिघांनी मिळून सगळं भात ताडपत्रीवर घेतलं. मी शेवटपर्यंत टॉवेलवरच होतो. सूपभर भात गेलं, बाकी वाचलं. ते गेलेलं सूपभर तिने कोंबड्यांना टाकलं. कोंबड्यांनी चोच लावून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

आता पाइप माझ्या हाताने दुरुस्त केल्याशिवाय तिच्या घरचा चहासुद्धा घशाखाली उतरणार नव्हता. मी पाठीवर झोपून ट्रेलरखाली शिरलो. शिरताना श्वास सोडलेला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. आत गेल्यावर श्वास घेतला आणि पोट वरच्या लोखंडी पट्टीला टेकलं. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. तेवढ्यात भरमूआप्पा आले. (वरच्या आळीतले. तू त्यांच्या झाडाच्या कैऱ्या चोरायचीस.) गावात पांढरी गाडी आली म्हणजे डोळे तपासणीची आली, असा त्यांचा समज. ते आमच्या घडीच्या खुर्चीवर बसले आणि माझ्या पायांना आपल्या उजव्या डोळ्याची हकीकत सांगू लागले. मी खालून म्हणालो, मी डॉक्टर नव्हे. ते म्हणाले, असू दे, डॉक्टर बाहेर येईपर्यंत बसतो. अखेर बायाक्काने खुरपं आणून माझ्या पाठीखालची माती उकरली आणि रताळं काढावं तसं मला बाहेर काढलं. भरमूआप्पांनी जाताना, औषध कधी मिळेल ते विचारलं.

मग खानापूर. दुकानदाराला म्हणालो, दीड इंची पाइपाचा कोपरा द्या. तो म्हणाला, "तुंडु तगोंड बर्री," म्हणजे मोडका तुकडा घेऊन या. परत गुंजी. करवतीने तुकडा कापला, आणि खात्रीचा असावा म्हणून हातभर जास्तच कापला. (सुवर्णा तेव्हा 'नको' म्हणाली होती, असं ती म्हणते.) परत खानापूर. दुकानदाराने तुकडा बोटांत फिरवून पाहिला आणि मला चहा पाजला, तेव्हाच समजलो. हे परदेशी माप, आपल्याकडचा कोपरा त्यावर घट्ट बसत नाही. म्हणजे सकाळी फुटका का होईना पाइप होता, आणि संध्याकाळी हातभर भोक होतं.

शेवटी युक्ती सापडली. बायाक्काच्या विहिरीवरच्या पंपाचा जुना रबरी पाइप गोठ्यात पडून होता. त्याचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून दोन्ही टोकांवर चढवला आणि पत्र्याच्या पट्ट्या स्क्रूने आवळल्या. रबर वाकतं, त्यामुळे पुन्हा दगड लागला तरी मोडायची भीती नाही. पाण्याला दुसरी वाट दिली, ती केळीच्या आळ्यात. पाच बादल्या ओतून पाहिल्या, एक थेंब गळला नाही. केलेल्या कामाकडे बघत मी बराच वेळ उभा राहिलो.

बाकी क्षेम. वडीलधाऱ्यांस नमस्कार लिहायचा, तर आता वडीलधारी तूच उरलीस.

तुझा,
महादेव

ता. क. सुवर्णाने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, 'युक्ती सापडली' असं लिहून चालणार नाही, कुणाला सापडली ते लिही. तर, तिला सापडली. ट्रेलरखाली गेलीही तीच. मी बाहेरून स्क्रू ड्रायव्हर पुरवत होतो, तोही दोनदा चुकीचा.

ता. क. २. आक्का, हे फोनवर बोललो असतो तर तुझ्याकडे सगळ्या घराने ऐकलं असतं, म्हणून लिहितो. सहा वर्षं तू गुंजीला आली नाहीस. वेळ नाही, ऊन आहे, सिद्धेशला सुट्टी नाही, असं सांगत आलीस. गुडघे दुमडत नाहीत आणि तिथे खाली बसावं लागतं, हे तू कधी कुणाला म्हणाली नाहीस. सुवर्णाला ते ओळखू आलं. मला सख्ख्या भावाला नाही. ट्रेलर त्याचसाठी घेतला. न्हाणीत शौचाला खुर्चीसारखं बसायचं भांडं आहे, त्याची टाकी निराळी, धरायला दांडी आहे, आणि पायरी सुवर्णाने मोजून बुटकी करून घेतली आहे. बायाक्का आत जाऊन बसून आली. बाहेर आल्यावर म्हणाली, "जयाला आन रं. आमी दोघी म्हाताऱ्या झालो, आता कवा बोलायचं?"

ता. क. ३. येत्या रविवारी सकाळी आठला मी निपाणीत तुझ्या दारात उभा असेन. यायचं नसेल तर उलट टपाली कळव. ते मला सोमवारच्या आत मिळत नाही, अशी पोस्टात चौकशी केली आहे.