राखीव तुकडा

प्रिय काळोख्या,

पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील तुझ्या. फोन तू बंद करून ठेवलायस, दाराशी आलेल्याला वहिनी चहा पाजून परत पाठवतात, मग माणसानं करायचं काय? म्हणून हा कागद. अक्षर गचाळ आहे, चालवून घे. आयुष्यभर संकलनाच्या टेबलाशी बसले, हातात आधी कात्री आणि चिकटपट्टी, नंतर बटणं. पेन धरायची सवय कधी लागलीच नाही. वहिनींकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच, कारण यात थोडी तुझीही खरडपट्टी आहे.

पुरस्कारांचा सोहळा तू टीव्हीवर पाहिलास हे मला ठाऊक आहे. पण टीव्हीवर निम्मंच दिसतं. सभागृह नवं, खुर्च्या मऊ, आणि आत गारठा असा की पहिल्या तासातच माझे गुडघे कुरकुरायला लागले. मला नेहमीची जागा, अगदी मागची, खांबाच्या आडची. आपल्यासारख्या पडद्यामागच्यांना तिथेच बसवतात, कॅमेरा तिथवर फिरत नाही. यंदा सगळा विक्रमांचाच बाजार होता. एकाच चित्रपटानं पुरस्काराच्या अकरा बाहुल्या नेल्या. आजवर कुणी नऊच्या पुढे गेलं नव्हतं. निर्माता पुन्हापुन्हा मंचावर येऊन इतका दमला की आभार मानायला माणसं उरली नाहीत, शेवटी बिचाऱ्यानं इमारतीच्या वॉचमनचे मानले. जन्मभर आईच्या आणि सासूच्या भूमिका करणाऱ्या आपल्या मावशीबाईंना चौऱ्याऐंशीव्या वर्षी पहिली बाहुली मिळाली. एवढ्या वयात कुणालाच मिळालेली नाही म्हणे. त्या म्हणाल्या, आता ही ठेवू कुठे, काचेचं कपाट तर गेल्याच वर्षी सुनेला देऊन टाकलं. सगळे हसले. मीही हसले, आणि लगेच मनात आलं की हे तुला सांगायला हवं. ही सवय काही जात नाही.

मग आपली खारूताई. तुझ्याकडे शिकायला आली तेव्हा दिव्यांच्या स्टँडवर सरसर चढायची म्हणून तूच हे नाव ठेवलंस. आता केस पिकलेत तिचे. कॅमेऱ्यासाठी सहा बाहुल्या हा तुझा विक्रम वीस वर्षं कुणाला हलवता आला नव्हता. तिला सातवी मिळाली. तिच्या चित्रपटात एक दृश्य आहे, म्हातारी एकटी जेवते आहे आणि खोलीत उजेड फक्त तिच्या ताटावर. बघताना मला हसू फुटलं. तुझ्या पहिल्या निर्मात्यानं असंच दृश्य बघून विचारलं होतं ना, मी पैसे देऊन अंधार विकत घेतला का, आणि तेव्हापासून तू काळोख्या झालास. तो अंधार आता तिच्याकडे गेलाय. तुझ्या हाताखालच्या मुलीनंच विक्रम मोडला याचं तुला वाईट वाटलं असेल, असं मला एक क्षणही वाटलं नाही.

पुढचं लिहिण्याआधी माझ्या एका कामाबद्दल सांगते, तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. वर्षभरात आपल्यातले जे जे गेले त्यांची एक छोटी फीत सोहळ्यात दाखवतात. ती गेली कित्येक वर्षं मीच जोडते. नटाचा चेहरा आला की टाळ्या कडाडतात, रंगभूषाकार आला की कुणीतरी खोकतं. म्हणून मी पडद्यामागच्या माणसाला नेहमी एखाद्या मोठ्या नटाच्या पाठोपाठ लावते. टाळ्या एकदम थांबत नाहीत, थोड्या उरतात, त्या त्याच्या वाट्याला येतात. एकदा एका लाइटमनच्या बायकोनं बाहेर माझा हात धरला आणि म्हणाली, ह्यांना केवढ्या टाळ्या पडल्या हो. मी मान डोलावली. माझ्या सगळ्या कामात मला अभिमान वाटावा असं तेवढंच एक आहे.

आणखी एक रीत आहे, ती मात्र ओंगळ आहे. जे फार आजारी आहेत त्यांचाही तुकडा आधीच करून ठेवायचा, म्हणजे ऐन वेळी कुणी गेलं तर धावपळ नको. त्याला आम्ही राखीव तुकडा म्हणतो. यंदा संयोजकबाईंचा फोन आला आणि त्यांनी तुझं नाव घेतलं. येताना दूध आण असं सांगावं, तितक्या सहज. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी केला असता आणि खाली व्हायोलिन घातलं असतं. जुन्या फिती उपसायला बसले तर तुझं एकही धड दृश्य नाही. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलास, दिसणार कुठून? शेवटी एका जुन्या चित्रपटाच्या कच्च्या फितीत, क्लॅपची पाटी वाजायच्या आधी, नायिकेच्या गालाशी प्रकाशमापक धरलेला तुझा हात सापडला. मनगटावर भाजल्याचा डाग. दिवा फुटला होता आणि त्या मनगटाला बर्फ मीच लावला होता. त्याच दिवशी तू मला विचारलं होतंस, आणि मी म्हटलं होतं की हा चित्रपट हातावेगळा होऊ दे. मग तुझा पुढचा आला, मग माझा. आपलं राहून गेलं. वहिनींचा राग मला कधी आला नाही. तुझा मात्र चांगली दोन वर्षं होता. तो हाताचा तुकडा मी कापून राखीव ठेवला आणि संकलनाच्या खोलीचं दार लावून मनसोक्त रडले.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी तालीम असते. तेव्हा फीत राखीव तुकड्यांसकट चालवतात, कारण ती लांबलीच तर किती लांबेल हे वादकांना कळावं लागतं. नावं तेव्हा चढवलेली नसतात. तालीम झाली की राखीव तुकडे काढून टाकतात. आमच्या खोलीतल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं, पण बाहेरच्यांना कसं असणार? त्या दिवशी नामांकन मिळालेल्यांना आपापल्या खुर्च्या बघायला बोलावलं होतं. खारूताई येऊन अंधारात बसली होती, ते मला दिसलं नाही. तिनं तो हात ओळखला. चेहरा असता तर आणखी चार जणांनी ओळखला असता, कुणीतरी विचारलं असतं, चूक तिथल्या तिथे निस्तरली असती. हात ओळखणारी तिथे ती एकटीच होती. तिनं तुला फोन लावला, तो बंद. घरच्यांनी सोहळा होईपर्यंत बातमी दाबून ठेवली असेल, असं तिनं स्वतःच ठरवलं. विचारणार तरी कुणाला? तू दार लावून घेतलंस तेव्हापासून आम्ही सगळ्यांनी एकमेकांशी तुझा विषय काढायचंच टाळलंय. वाळलेला चेहरा कुणाला दिसू नये म्हणून तू लपलास, आणि आम्ही ते मुकाट्यानं मान्य केलं. खरडपट्टी ती हीच, तुझी आणि आमचीही.

मग काय झालं ते तू पाहिलंस. खरी फीत तेव्हा अजून लागायची होती. बाहुली तिनं हातात घेतली. मग म्हणाली, हा विक्रम सरांचा आहे, आणि तो परत करायला आता सर नाहीत. निवेदकानं मान खाली घातली. पुढच्या ओळीतले बडे नट उठले, मावशीबाई काठी टेकत उठल्या, आणि बघता बघता मागपर्यंत खुर्च्या वाजल्या. तुझ्या सहा बाहुल्यांपैकी एकीलाही कुणी असं उठलं नव्हतं, मला चांगलं आठवतंय. नंतर मी धडपडत मंचामागे गेले आणि हात जोडून सांगितलं की अहो, तो माणूस जिवंत आहे. जाहिराती संपल्यावर निवेदकानं गुळमुळीत दुरुस्ती केली, लोकांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या आणि कार्यक्रम पुढे गेला. खारूताईला स्वच्छतागृहातून बाहेर काढायला मला विनवण्या कराव्या लागल्या. बाहुली माझ्या खोलीत ठेवून गेलीय, घरी न्यायला तयार नाही. तिच्यावर रागावू नकोस. तिला खरंच वाटलं होतं की तू गेलास, आणि ती कोलमडून गेली होती.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. काल वहिनींचा फोन आला. त्या रात्री त्या टीव्ही बंद करायला उठल्या, तर तू त्यांचा हात धरलास, ते सगळं बघितलंस आणि कितीतरी महिन्यांनी हसलास म्हणे. त्यांना बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून तू औषध बाजूला सारतोयस, दोन घासांवर ताट सरकवतोयस, आणि विचारलं तर म्हणतोस की सगळं सभागृह उभं राहिलं, माझं झालं, आता उगाच ओढाताण कशाला. वहिनी रडत होत्या. काळोख्या, दुखणं तुझं आहे, औषध घे म्हणून दटावणारी मी कोण? डॉक्टर काय म्हणतात ते मला माहीत आहे, खोटा धीर मी देणार नाही. पण जे घडलंच नाही त्याच्या भरवशावर निघू नकोस. सगळं सभागृह उभं राहिलं नव्हतं. मी बसले होते. शेजारच्या माणसानं दंड धरून मला उठवायला बघितलं, पुढच्या ओळीतली बाई वळून वळून बघत राहिली की ही कसली निगरगट्ट. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले, कारण तू होतास. रविवारी सकाळी मी येतेय. चेहरा दाखवायचा नसेल तर खिडकीकडे पाठ करून बस, म्हणजे मला नुसता आकार दिसेल. ही युक्ती तुला मी काय शिकवायची. तेवढाही मला पुरेल. पण दार उघड, आणि तोवर औषध घे.

तुझीच,
कात्री