पाखरं उठली तेव्हा

मामंजी,

तुमच्या सुनेचा नमस्कार. तुम्ही जाऊन वर्ष झालं, तरी हे तुम्हालाच सांगायचंय. घरात सांगायची छाती नाही.

काल मोठे साहेब तळ्यावर आले. लोक वेडा म्हणत असताना तुम्ही बंदूकवाल्यांना अडवून जी पाखरं राखली, ती आता उरलीच नाहीत, अभयारण्य बंद करू, असं त्यांचं म्हणणं. हे कामाला गेलेले, म्हणून मीच छकुलीला कडेवर घेऊन गेले.

साहेबांनी दुर्बीण लावली. लव्हाळ्यात काहीच हलेना. "कुठायत बाई तुमची पाखरं? माहेरी गेली का?"

"आहेत साहेब. दुपारची दडून बसतात."

"मला तर दिसत नाहीत," म्हणाले नि रिपोर्ट लिहायला लागले.

तेवढ्यात छकुलीनं असं भोकाड पसरलं की अख्खं तळंच उठलं! हजारो पाखरं, मामंजी! ऊन झाकलं. एक तर साहेबांच्या कागदावरच शिटलं. ते आ वासून बघत राहिले, मग खदाखदा हसले नि कागद फाडून टाकला. म्हणाले, "कोण बंद करतंय बघतो!"

आता सगळे छकुलीला डोक्यावर घेऊन नाचतायत. सासूबाई म्हणतात, नातीनं आजोबांचं नाव राखलं.

पण तळ्यावर साधं खोकायचंही नाही, हा तुमचा नियम मी मोडला. छकुली खांद्यावर गाढ झोपली होती. तिच्या पायाला मीच चिमटा काढला.

रागवा हवं तर. पाखरं परत येऊन बसलीत.

तुमची,
भित्री सूनबाई