ह्यांना 'त्यू' कसं म्हणू?

मंगळवार, संध्याकाळ. नल्लकुंटा.

फ्रान्सला ह्यांच्याकडं जायला महिनाच राहिला. मोबाईलवर फ्रेंच शिकवतात ते इंग्रजीतून, ती तरी मला कुठं येते? मी, तू, तो, ती एवढंच पाठ झालं. तिथं हे दिवसभर ड्यूटीवर. पोरीला ताप आला तर डॉक्टरशी काय बोलू? लई भीती वाटते.

आज फोनवर ह्यांना 'वू' म्हटलं, म्हणजे अहो-जाहो. हे हसले. "हौ मॅडम! इथं बायको नवऱ्याला 'त्यू' म्हणते. तू म्हण की."

"नक्को हो. जीभच वळत नाही."

"म्हण ना. वर्ष झालं, इथं मला 'त्यू' म्हणणारं कोणीच नाही."

असं हे आधी कधी बोलले नव्हते.

मी हळूच म्हटलं, "त्यू."

"अजून एकदा म्हण," हे म्हणाले.